केबिनमधला दामू

दामाजी केणीचं घर बाळकुमात, आणि त्याच्या टँकरचा रस्ता बाळकुमाच्या उंबऱ्यावरून. दहेजला ॲसिड भरायचं, सुरत-वापी मागे टाकत घोडबंदर रोडला लागायचं, आणि कापूरबावडी, माजिवडा, मुंब्रा बायपास, शिळफाटा असं करत डोंबिवलीच्या मानपाड्याला एमआयडीसीत खाली करायचं. मानपाडा ठाण्यातही आहे, तो आधी लागतो, आणि नवखा ड्रायव्हर हमखास तिथेच फसतो. दामाजीला मात्र या रस्त्यावरचे खड्डेसुद्धा पाठ होते. कापूरबावडीच्या नाक्यावरून डावीकडे वळलं की चालत थोडं पुढे त्याचं घर. पण डावीकडे वळता यायचं नाही. भरलेला टँकर गावात न्यायचा नाही, कडेला सोडून उतरायचं नाही, आणि शहरातून जायला मुभा दुपारची तेवढी. ती हुकली की रात्र होईपर्यंत वेशीबाहेर तिष्ठत बसायचं. गाडी रिकामी झाली की रातोरात परत दहेजला. त्यात मालकाच्या मोबाईलवर गाडीचा ठिपका दिसायचा. ठिपका जरा थबकला की फोन आलाच, "दामाजी, गाडी उभी का?"

म्हणजे दर फेरीला घरावरून जायचं, आणि घरी जायचं नाही.

यावर तोड काढली ती त्याच्या आईने, मनुबाईने. नाक्यावर गाड्या धावत नाहीत, रांगतात, हे तिने हेरलं होतं. दामाजीने वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडला की बायकोला, मेघालीला, फोन करायचा. मनुबाई डबा बांधायची, पदर खोचायची आणि नाक्यावर जाऊन उभी राहायची. आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली बाई, तिला रस्त्याचं भय कसलं! सिग्नलला गाडी थांबली की ती थेट डाव्या दाराशी यायची. दामाजी सीटवरून पलीकडे झुकून डबा घ्यायचा, मागचा रिकामा डबा द्यायचा. तेवढ्यात तिचं बोलणंही उरकायचं.

"कवरा वालला रं दामू? जेवतस का नाय?"

"जेवतो गं आये. तू मागे सर, गाड्या बघ."

"मना नको शिकवू. बोयटी टाकल्यान कालवनान. गरम हाय तवर खा."

मागून हॉर्न सुरू झाले की ती त्या हॉर्नवाल्यांना हात दाखवून शिव्या द्यायची आणि मगच बाजूला व्हायची. शिळफाट्याच्या अलीकडे गाडी पुन्हा अडकली की दामाजी स्टिअरिंगवर डबा उघडायचा. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, मायलेकांची भेट व्हायची ती एवढीच. वर्षानुवर्षं.

खरं तर दामाजीने खाडीवरच जगायचं होतं. त्याचा बाप कोलशेतच्या बाजूला होडी घेऊन जायचा, आणि लहान दामाजी जाळं धरायला सोबत. जिताडा, बोय, कोळंबी, चिखलातल्या निवट्या. घरात मासळीला तोटा नव्हता. पुढे पाणी काळवंडलं, जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त यायला लागल्या. बाप गेला आणि होडी चिखलात उलटी पडून राहिली. दामाजीने लायसन काढलं. आधी रेतीची गाडी, मग कंटेनर, मग केमिकलचा टँकर. चुलतभाऊ म्हणायचे, पाण्यातला माणूस डांबरावर गेला. दामाजी हसायचा. मनातून त्याला गाडी आवडायची. उंचावर बसायचं, समोर मोकळा हायवे, पहाटे पालघरच्या अलीकडे धुकं आणि टपरीवरचा आल्याचा चहा. त्रास होताच. पंपावरच्या नळाखाली आंघोळ, सीटमागच्या फळीवर झोप, पाठीच्या मणक्यात कायमची एक कळ. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, बोलायला माणूस मिळायचा. आता क्लीनर कुणी ठेवत नाही. एकट्याने भरायचं, एकट्याने आणायचं.

मनुबाईचं विसरणं सुरू झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीठ दोनदा पडायला लागलं. दारात आलेल्या ओळखीच्या बाईला ती "कुनाची गो तू?" विचारायची. मेघाली घरोघर मासळी पोचवायची. आजूबाजूच्या कॉम्प्लेक्समधल्या बायका तिला सकाळी मोबाईलवर सांगायच्या, ती दुपारपर्यंत साफ करून नेऊन द्यायची. एका गिऱ्हाइकाकडेच तिला डॉक्टर नीरजा भेटल्या. त्यांनी मनुबाईला तपासलं आणि समजावून सांगितलं, "मेंदू आकसत जातो यात. जुनं शिल्लक राहतं, नवं टिकत नाही. औषधाने थोडं धीम्याने होईल, थांबणार नाही."

दामाजीला हे मेघालीने फोनवर सांगितलं तेव्हा तो वापीच्या अलीकडे होता. त्याने विचारलं, "मला ओळखते ना?"

"तुला? तुझंच तर नाव घेत असतात दिवसभर."

ते खरं होतं. नाक्यावर डबा घेऊन ती अजून यायची, आता मेघालीच्या सोबतीने. दामू म्हणायची, रागवायची. पण एकदा गाडी दुरुस्तीला लागली म्हणून दामाजी सुट्टीवर घरी आला, आंघोळ करून पडवीत बसला, तर मनुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. पाहुण्यापुढे ठेवतात तसा, जरा अंतर राखून.

"लांबशी आलाव का भाऊ?" तिने विचारलं.

दामाजीला वाटलं, मस्करी करते. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मस्करी नव्हती.

"आये, मी दामू."

ती कसनुसं हसली. परक्या माणसाने काही भलतंच बोलावं आणि त्याचं मन मोडू नये म्हणून हसावं, तसं. मग आत जाऊन तिने मेघालीला विचारलं, "यो कोन बसलाय? जेवाया वारू का त्याला?"

त्या दिवशी दामाजीने घरात पाहुण्यासारखं जेवण केलं. आपण घरी नसतो त्याचंच हे फळ, असं त्याने स्वतःला समजावलं. ज्याचं तोंड रोज दिसत नाही तेच आधी पुसलं जाणार.

ते भरउन्हाळ्याचे दिवस होते. गायमुखच्या घाटात रस्त्याचं काम निघालं होतं आणि वर एक कंटेनर बंद पडला होता. दामाजीचा टँकर त्या रांगेत अडकला. पुढे ट्रक, मागे ट्रक, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला झाडीतून दिसणारी खाडी. एसी नसलेली केबिन तव्यासारखी तापली होती. त्याने दाराची काच खाली केली होती आणि ओला रुमाल मानेवर टाकला होता. दुपारची मुभा हातातून चालली होती. मालकाचा फोन दोनदा येऊन गेला होता.

तिसरा फोन मेघालीचा.

"आई घरात नाहीत," ती धापा टाकत होती. "मी पापलेट द्यायला गेलेली. कडी लावून गेलेली बाहेरून. शेजारच्या शेवंतीकाकींनी उघडली. म्हणे, म्हातारी आतून हाका मारत होती, कोंडलं कुणी?"

"नाक्यावर बघितलंस?"

"नाक्यावरच उभी आहे मी. दिसत नाहीत कुठे. डबापण नाहीये घरात. अरे, तू आज फोन केलेलास ना सकाळी, मी बोलताना त्यांनी ऐकलं असणार."

पूल ओलांडल्यावर दामाजीने फोन केला होता हे खरं. नेहमीचाच फोन. आई आता नाक्यावर, भर ट्रॅफिकमध्ये, एकेक टँकर बघत फिरत असणार. निळं तोंड असलेला टँकर दिसला की ती दाराशी जाणार. मालकाच्या सगळ्याच गाड्यांची तोंडं निळी. आणि नाक्यावरची गाडी केव्हा हलेल याचा भरवसा नाही. ड्रायव्हरला डाव्या बाजूचं खालचं दिसतही नाही. हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

त्याने दार उघडलं, खाली उतरला. घाटाचा उतार, गाड्यांची न संपणारी रांग. पळत सुटलो तर? मधून एखादी मोटरसायकल थांबवून? त्याने टँकरकडे बघितलं. पाठीवर भरलेलं ॲसिड, त्यावर लाल पट्टी आणि कवटीचं चित्र. रांग हलली आणि गाडी तशीच राहिली तर घाट बंद. उन्हात व्हॉल्व्हला काही झालं तर मागच्या ट्रकपलीकडे बस होती, तिच्यातली पोरं... तो तिथेच दोन पावलं पुढे आणि दोन पावलं मागे करत राहिला. मागचा ट्रकवाला ओरडला, "क्या हुआ, चाचा?"

"माँ खो गयी," दामाजी म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

ट्रकवाल्याने मान हलवली. तोही काय करणार होता?

दामाजी पुन्हा वर चढला आणि त्याने पुढे गेलेल्या ओळखीच्या ड्रायव्हरांना फोन लावायला सुरुवात केली. एक भिवंडीला होता. एकाचा लागला नाही. मग त्याला आठवलं, विकी. मालकाच्याच गाडीवरचा, दिव्याला राहणारा तरणा ड्रायव्हर. तो सकाळी त्याच्या पुढे निघाला होता.

विकीने लगेच उचलला. "दामाजीदादा! अरे मी तुलाच लावतोय कधीचा, बिझी येतंय. तुझी आई माझ्या गाडीत बसलीय."

"काय?"

"सिग्नलला उभा होतो. दार ठोकलं. मला वाटलं कोण म्हातारी पाणी मागते, म्हणून उघडलं. तर चढूनच बसली, दादा! या वयात! मला म्हणते, दामू, चल. मी म्हटलं, आजी, मी दामू नाय. ऐकतच नाय. तेवढ्यात सिग्नल सुटला, हवालदाराने शिटी मारली. काय करू? आता खारेगावला आहे."

दामाजीला एकदम रडू आलं. आई जिवंत होती, बसलेली होती, पंख्याखाली होती.

"उतरव तिला तिकडे. मेघाली रिक्षाने येईल."

"मघाशी साइडला घेतली तर दुसरा पोलीस आला, केमिकलची गाडी इथे नाय, निघ म्हणाला. आणि ही उतरायला तयारच नाय. हात लावला तर ओरडते. लोक बघायला लागले, दादा. उद्या कोण काय समजेल! थांब, तू बोल तिच्याशी. स्पीकरवर टाकतो."

फोनमध्ये इंजिनाची घरघर आली.

"आये," दामाजी मोठ्याने म्हणाला. "आये, मी दामू बोलतोय."

मग तिचा आवाज, फोनपासून दूर तोंड करून विकीला विचारणारा, "यो कोन बोलतंय रं?"

"तुमचा मुलगा, आजी."

"माझा पोऱ्या तू हायस. तू गारी नीट चालव. समोर बग."

विकी कसंबसं हसला. मग दामाजीने ऐकलं, डब्याची कडी निघाली. "घे. खा आदी. कवरा वालला रं." आणि विकीचा गुदमरलेला आवाज, "आजी, चालवतोय मी. बरं, द्या, द्या एक घास."

फोन चालूच होता. दामाजीने तो बंद केला नाही. डोंगराची सावली गाडीवर येईपर्यंत तो आपल्या आईला दुसऱ्या कुणाला जेवू घालताना ऐकत बसला होता.

ठरलं ते असं, की विकीने गाडी मानपाड्याला न्यायची, तिथे एमआयडीसीत टँकरांची रांग असते तिथे थांबायचं. मेघालीने रिक्षाने यायचं. दामाजी पोचेल तेव्हा पोचेल. घाट सुटला तेव्हा दामाजीची दुपार संपत आली होती. माजिवड्याच्या पुलाखाली हवालदाराने हात आडवा केला. दामाजी खाली उतरून हात जोडून उभा राहिला आणि आईचं सांगायला लागला. हवालदार घामाने चिंब झाला होता. त्याने अर्धंच ऐकलं आणि म्हणाला, "सगळ्यांच्या आया आजारीच असतात. जा. लवकर जा." त्याने जाऊ दिलं हेच पुष्कळ होतं.

मानपाड्याला कारखान्याबाहेर रांग लागली होती. दामाजीने शेवटी गाडी लावली, चाकाखाली दगड सरकवले आणि पुढे चालत गेला. हवेत तो नेहमीचा आंबूस वास होता. विकीची गाडी पुढून पाचवी-सहावी. केबिनचं दार उघडं. मनुबाई सीटवर पाय वर घेऊन बसली होती, आणि त्याच्या बापाच्या होडीची गोष्ट सांगत होती. वादळात कोलशेतला होडी कशी उलटली, आणि बाप पोहत कसा आला. दामाजीने ती लहानपणी शंभरदा ऐकली होती. विकी स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकत होता.

दामाजी पायरीवर चढला. "आये, चल. घरी जाऊ."

तिने गोष्ट थांबवली. त्याच्या कळकट शर्टाकडे, पिकलेल्या दाढीकडे बघितलं. मग विकीकडे वळली. "दामू, यो तुझे कंपनीचा मानूस हाय का?"

विकीने मान खाली घातली.

"हो आजी," दामाजीच म्हणाला. "कंपनीचाच. दामूला आता गाडी खाली करायची आहे. तुम्ही चला खाली."

"त्याची गारी खाली होऊ दे. मी हाय बसलेली."

मेघाली आली ती डोळे सुजवून. तिने सासूला बघितलं, नवऱ्याला बघितलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसली. जरा वेळाने म्हणाली, "तू गाडी चालवतोस. मी तुझी आई चालवते. थकले रे मी." त्यात राग नव्हता. राग असता तर दामाजीला बरं वाटलं असतं.

विकीची गाडी खाली झाली. त्याने ती पार्किंगला लावली, आणि सगळे उमजून होते तेच झालं. मनुबाई विकीशिवाय हलेना. शेवटी रिक्षात मध्ये मनुबाई, एका बाजूला मेघाली, दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून विकी. आज दिव्याला त्यांच्या चाळीत पाणी यायचा दिवस होता, घरी भरायला कुणी नव्हतं. पण त्याने ते एकदाच बोलून दाखवलं आणि सोडून दिलं.

"तू येतोस ना?" मेघालीने विचारलं.

दामाजीने मागे रांगेकडे बोट केलं. त्याची गाडी अजून भरलेली होती. रांग एवढ्यात हलणार नव्हती, आणि हलली की त्याला तिथे असायला हवं होतं. रिक्षा गेली. मनुबाईने बाहेर वाकून त्याला हात केला. भल्या माणसाला करतात तसा.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा आई झोपलेली होती. मेघालीने सांगितलं, विकीला तिने समोर बसवून जेवू घातलं, तोंडावरून हात फिरवला, आणि तिला झोप लागल्यावरच त्याला निघता आलं. दामाजीने मालकाला फोन करून सांगितलं, आता लांबची गाडी जमणार नाही.

पुढे थोडे महिने तो बाळकुमातल्या एका शाळेची बस चालवत होता. सकाळी पोरं न्यायची, दुपारी आणायची, मधला वेळ घरी. पाठीची कळ कमी झाली. गल्लीतली माणसं म्हणायची, दामाजी, बरं केलंस. तो आईला आंघोळीचं पाणी काढून द्यायचा, केस विंचरायचा, भात कालवून द्यायचा. ती सगळं करून घ्यायची. तिला तो आवडायला लागला होता. मेघालीला ती म्हणायची, "यो भाऊ मोटा भला मानूस हाय. कुनाचा हाय?"

पण दुपार झाली की तिचं चित्त उडायचं. डबा शोधायची. दार बंद असलं तर हात दुखेपर्यंत वाजवायची. डॉक्टर नीरजांना विचारलं तर म्हणाल्या, अडवू नका, सोबत जा. मग दामाजी सोबत जायला लागला. नाक्यावर, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत, आई आणि तो शेजारी शेजारी उभे राहायचे. दोघं मिळून दामूची वाट बघायचे.

"तुमी रस्त्याची मानसा," एकदा तिने विचारलं, "माझा दामू दिसला का कुटं?"

"दिसला," दामाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता!

"बरा हाय का?"

"बरा आहे."

"वालला असेल. त्याला रस्त्याव कोन जेवाया घालतंय?"

तेवढ्यात एक निळ्या तोंडाचा टँकर रांगत आला. मनुबाईचं तोंड उजळलं. दामाजीचा हात झटकून ती पुढे झाली आणि डबा उंच धरला. वरचा ड्रायव्हर कुणी बिहारी पोरगा होता. त्याने गोंधळून हात हलवला. तेवढंही तिला पुरलं. "गेला," ती समाधानाने म्हणाली. "घाईन हाय." परत येताना सबंध वाटभर ती दामूबद्दल बोलत होती, आणि दामाजी हुं हुं करत तिच्या चालीने चालत होता.

रात्री जेवताना त्याने मेघालीला सांगितलं. मेघाली भात कालवत म्हणाली, "तू घरी असून त्या रोज नाक्यावरच जातात. मग तू घरी कशाला?"

बोलल्यावर तिचीच तिला लाज वाटली असावी. पण दामाजीलाही तेच म्हणायचं होतं.

त्याने मालकाला पुन्हा फोन केला. गाडी मिळाली. पहिल्या फेरीला वर्सोव्याच्या पुलावरून त्याने मेघालीला कळवलं. कापूरबावडीला आला तेव्हा सिग्नल लाल होता. आई आणि मेघाली उभ्या होत्या. आई दाराशी आली, वर बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत ओळख आली. लख्ख, जुनी, चाळीस वर्षांची.

"दामू! कवा पासना उबी हाय मी. कुटं होतास रं?"

"इकडेच होतो गं आये."

"लबार," ती म्हणाली.

त्याने झुकून डबा घेतला, आणि तेवढ्यात तिचा हातही धरला. खरबरीत, थंड हात. मागून हॉर्न सुरू झाले. मेघालीने तिला मागे ओढलं. दामाजीने क्लच सोडला. खाली उतरून तिला मिठी मारावी असं त्याला फार वाटलं. पण उतरला असता तर तो दामू राहिला नसता.

तेही फार दिवस चाललं नाही. पाऊस ओसरताच घाटातलं काम वाढलं, आणि अवजड गाड्यांना घोडबंदर रोड बंद झाला. सगळ्यांनी चिंचोटीवरून, भिवंडीकडून फिरून जायचं. किती दिवस, कुणी सांगेना. ड्रायव्हरांनी कुरकुर केली ती डिझेलची आणि लांबच्या वळशाची. दामाजीचं दुखणं वेगळं होतं. मालकाला काय सांगायचं? हवालदाराला काय सांगायचं? की मला नाक्यावरून जाऊ द्या, माझी आई तिथेच मला ओळखते?

मेघाली मनुबाईला रोज नाक्यावर नेत होती. मोटारी जायच्या, बस जायच्या, रिक्षा जायच्या. टँकर येत नव्हते. मनुबाई उभी राहायची, कंटाळायची, डबा घेऊन परत यायची. दामाजी अंजूरफाट्याजवळच्या धुळीत अडकलेला असला की फोन करायचा.

"आज विचारलं का माझं?"

"विचारलं."

काही आठवडे असे गेले. मग एक दिवस मेघाली म्हणाली, "आज गेल्या नाहीत त्या. मी म्हटलं, चला. तर म्हणाल्या, कुठं?"

"आणि माझं विचारलं?"

"नाही रे. नाव नाही घेतलं."

दामाजीने फोन ठेवला. पुढची गाडी हलली होती.

दिवाळीच्या आसपास गाडी खाली झाल्यावर एका दिवसाची सुट्टी मिळाली आणि तो घरी आला. मनुबाई पडवीत उन्हाला बसली होती, बारीक झालेली, हात मांडीवर उलटे ठेवून. तो तिच्यापुढे उभा राहिला. तिने मान वर केली.

"कोन?"

"मी इथलाच. बाळकुमचा."

"कुनाचा?"

"मनुबाईचा."

तिने जरा विचार केला. "मनुबाय तं मीच," ती म्हणाली. मग तिला त्याची दया आली असावी. तिने सरकून बाजूला जागा केली. "बस नं मंग. उबा कसाला?"

दामाजी बसला. संध्याकाळी त्याला दहेजला निघायचं होतं.